साम्यवादी देशांतल्या संसदा: मतं मोजण्याआधी उमेदवारी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चीन, व्हिएतनाम, जुना सोव्हिएत संघ अशा देशांतल्या संसदा लोकांचं खरोखर प्रतिनिधित्व करतात का, की तो नुसता रबरी शिक्का? सोबत तुमच्या मित्राचं म्हणणंही तुम्ही दिलंय. चीनच्या संसदेत आपल्या लोकसभेपेक्षा स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे, कामगार-शेतकऱ्यांना ठरवून जागा मिळतात, मग जास्त प्रातिनिधिक कोण, असं तो विचारतो.

मित्राचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य आहे. फक्त त्याने एकाच शब्दात दोन प्रश्न बांधलेत. प्रतिनिधी माझ्यातला आहे का, माझं दुखणं त्याला ठाऊक आहे का, हा एक प्रश्न. त्याने माझ्या विरोधात मत दिलं तर पुढच्या खेपेला मी त्याला घरी बसवू शकतो का, हा दुसरा. साम्यवादी देशांत पहिल्याचं उत्तर पुष्कळदा ‘बऱ्यापैकी हो’ असं येतं. दुसऱ्याचं जवळजवळ नेहमी ‘नाही’. आणि माझ्या मते प्रतिनिधित्वाचा जीव दुसऱ्या प्रश्नात आहे. तो का, हे सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

मी सव्वीस वर्षं बी.ए. आणि एम.ए.च्या वर्गांना तुलनात्मक राजकारण शिकवलं. पहिली काही वर्षं हा भाग एका तासात उरकायचो. फळ्यावर ‘रबरी शिक्का’ लिहायचं, ९९ टक्के मतांचे आकडे सांगायचे, की पुढचं प्रकरण. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, “सर, शिक्काच मारायचा असेल तर तीन हजार माणसं कशाला गोळा करायची? दहा जण पुरेत की.” मला धड उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न अनेक दिवस डोक्यात राहिला, आणि त्यानंतर मी या संसदांमधला शेवटचा आकडा सोडून त्याच्या आधी काय काय घडतं ते बघायला लागलो.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. उत्तर देशावर, वर्षावर आणि पातळीवर अवलंबून आहे. स्टालिनच्या काळातलं सुप्रीम सोव्हिएत, म्हणजे सोव्हिएत संघाची संसद, आणि २०१० सालची व्हिएतनामची संसद यांना एका पोत्यात घालता येत नाही. चीनमध्येही तालुक्यासारख्या खालच्या पातळीवरचं सभागृह आणि बीजिंगमधलं अधिवेशन या वेगळ्या गोष्टी आहेत. मी मुख्यतः चीनबद्दल बोलतो, कारण तुमच्या मित्राचा रोख तिकडेच आहे.

नॅशनल पीपल्स काँग्रेस, म्हणजे चीनची संसद, पहिल्यांदा १९५४ मध्ये भरली. घटनेनुसार ती राज्यसत्तेचं सर्वोच्च अंग. २०२३ मध्ये बसलेल्या चौदाव्या काँग्रेसमध्ये २,९७७ प्रतिनिधी होते. त्यात स्त्रिया साधारण साडेसव्वीस टक्के, प्रत्यक्ष काम करणारे कामगार-शेतकरी साडेसोळा टक्क्यांच्या वर, आणि सरकारी मान्यता असलेल्या पंचावन्नही अल्पसंख्य जमातींचे लोक. आपल्याकडे २०२४ मध्ये लोकसभेत ७४ स्त्रिया निवडून आल्या, ५४३ पैकी. म्हणजे मित्राचं गणित बरोबर आहे. सोव्हिएत संघात तर ते आणखी ठसठशीत होतं: शेवटच्या दशकांत सुप्रीम सोव्हिएतमध्ये जवळपास एक तृतीयांश स्त्रिया आणि निम्म्याहून जास्त कामगार-शेतकरी होते. फक्त हे आकडे निवडणुकीतून आपोआप आलेले नसतात. किती विणकर, किती शिक्षक, किती पक्षसदस्य नसलेले, हे आधी ठरतं आणि त्या मापाचे उमेदवार मग शोधले जातात.

पण माप ठरवून निवडलेली माणसं म्हणजे खोटी माणसं, असं समजू नका. शेन चिलान या बाईंचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायचो. शान्शी प्रांतातल्या शिगौ या डोंगराळ गावच्या. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला गावच्या सहकारी शेतीत बाईच्या दिवसाला पुरुषाच्या निम्मे गुण मिळायचे, आणि गुणांवरच कमाई ठरायची. चिलानबाईंनी गावातल्या बायकांना शेतावर आणलं, पुरुषांच्या बरोबरीने काम करून दाखवलं आणि सारख्या कामाला सारखे गुण मिळवले. ती गोष्ट देशभर गाजली. १९५४ च्या पहिल्या काँग्रेसला त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या तेव्हा पंचविशीच्याही नव्हत्या. शेतमजुरी करणाऱ्या बाईचं दुखणं त्या सभागृहात कुणाला ठाऊक असेल, तर ते त्यांना.

आता याच बाईंचा पुढचा प्रवास बघा. पहिल्या काँग्रेसपासून तेराव्यापर्यंत, प्रत्येक खेपेला त्या निवडल्या गेल्या. असा दुसरा प्रतिनिधी चीनमध्ये झाला नाही. २०२० मध्ये नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या. आपण कधीही विरोधी मत दिलं नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. या पासष्ट-सहासष्ट वर्षांत धोरणं उलटीपालटी झाली. ज्या सामूहिक शेतीच्या बाजूने हात वर झाले, ती मोडण्याच्या बाजूनेही झाले. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत तर ‘सर्वोच्च अंग’ असलेली ही संसद एकदाही भरली नाही. तिनेच निवडलेले राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांना १९६८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने सगळ्या पदांवरून काढलं. संसदेला विचारलंही गेलं नाही. गावातल्या पुरुषांशी गुणांसाठी भांडणारी धीट बाई सभागृहात कधीच ‘नाही’ म्हणत नाही, हे कसं? मी याचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधणं सोडून दिलं. त्या ज्या जिन्याने वर गेल्या, त्या जिन्यात ते आहे.

चीनमध्ये सामान्य मतदार थेट मत देतो ते फक्त खालच्या दोन पातळ्यांवर: गावगट-नगर आणि कौंटी, म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. कौंटीपर्यंत थेट निवडणूक १९७९ च्या कायद्याने आली. त्याच्या वर खालच्या सभागृहाने वरचं सभागृह निवडायचं, ते प्रांतापर्यंत आणि मग बीजिंगपर्यंत. म्हणजे शिगौच्या गावकऱ्याने चिलानबाईंना बीजिंगला पाठवणारी मतपत्रिका कधी हातात घेतलीच नाही. ते काम प्रांतिक सभागृहाचं. मतदार आणि राष्ट्रीय प्रतिनिधी यांच्यात इतक्या पायऱ्या आहेत की गावकऱ्याचा राग वर पोचेपर्यंत विरून जातो.

आणि प्रत्येक पायरीवर उमेदवारीची चाळण आहे. कागदावर कायदा उदार आहे. थेट निवडणुकीत दहा मतदार एकत्र येऊन कुणाचंही नाव सुचवू शकतात, आणि उमेदवार जागांपेक्षा किमान एक तृतीयांशाने जास्त, फार तर दुप्पट, असायलाच हवेत. पण सुचवलेली नावं म्हणजे अंतिम नावं नव्हेत. मधे ‘चर्चा आणि सल्लामसलत’ नावाचा टप्पा असतो. तिथे निवडणूक समिती यादी छाटते, आणि ती समिती कम्युनिस्ट पक्षाच्या स्थानिक शाखेच्या देखरेखीखाली चालते. मत मोजणारा अगदी प्रामाणिक असला तरी खेळ तिथे आधीच झालेला असतो.

ही भिंत कुणी ओलांडलीच नाही असं नाही. हुबेई प्रांतातल्या छ्यानच्यांग शहरात याओ लिफा नावाच्या शाळा-कर्मचाऱ्याने अनेक वर्षं प्रयत्न केले. १९९८ मध्ये मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना, मतदारांनी हाताने लिहिलेल्या नावावर ते शहराच्या सभागृहात निवडून आले. शिक्षकांचे पगार, शेतकऱ्यांवरचे कर असे विषय त्यांनी लावून धरले. पुढच्या निवडणुकीत ते पडले, आणि नंतर कित्येक वर्षं त्यांच्यावर पाळत राहिली. अशा माणसाला दुसऱ्यांदा निवडून येणं किती जड जातं, हे मला कायद्याच्या कलमांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

चाळण झाल्यावर मतदारापुढे काय उरतं, हे समजावायला मी वर्गात एक प्रयोग करायचो. पूर्व जर्मनीत मतदार केंद्रावर गेला की त्याला एकच छापील यादी मिळायची. यादी मान्य असेल तर काहीच करायचं नाही, कागदाची घडी घालून पेटीत टाकायचा. लोक मतदानाला ‘कागद घडी घालणे’च म्हणायचे. अमान्य असेल तर कोपऱ्यातल्या आडोशाला जाऊन नावं खोडायची. मी तसंच करायचो. चाळीसेक मुलं, प्रत्येकाला पाच नावांची चिठ्ठी, दाराशी खोका, आणि पेन्सिल वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटामागे. खोक्याशी मी वही घेऊन उभा. वहीत काही लिहायचो नाही, नुसता उभा राहायचो. कपाटाकडे जायला कुणालाही मनाई नव्हती. तरी एका वर्षी एकच मुलगी गेली. ती वळली तेव्हा रांगेतली सगळी डोकी तिच्याकडे वळली, आणि परत येऊन चिठ्ठी टाकताना तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. नंतर मी मुलांना विचारलं, मत गुप्त होतं का? चिठ्ठीवर काय आहे ते गुप्तच होतं. पण ती कपाटामागे गेली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसानंतर ९९ टक्क्यांचा आकडा वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

आता तुमच्या ‘शिक्का’ या शब्दाकडे येतो. बीजिंगच्या भर अधिवेशनाने नेतृत्वाने मांडलेलं विधेयक मतदानात पाडलं, असं आजवर एकदाही झालेलं नाही. त्या अर्थाने शब्द बरोबर आहे. पण शाई नेहमी सारखीच गडद उमटत नाही. १९९२ च्या एप्रिलमध्ये यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस या प्रचंड धरणाचा ठराव आला तेव्हा १,७६७ मतं बाजूने पडली, १७७ विरोधात, ६६४ तटस्थ, आणि २५ जणांनी मतच दिलं नाही. म्हणजे उपस्थितांपैकी एक तृतीयांश लोकांनी हात आखडता घेतला. चीनच्या मापाने हा धक्काच होता. याउलट २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा उठवणाऱ्या घटनादुरुस्तीला २,९५८ मतं मिळाली, दोन विरोधात, तीन तटस्थ, एक बाद. पंचवीस-सव्वीस वर्षांत चीन जास्त शिकलेला, जास्त श्रीमंत, जास्त जगाशी जोडलेला झाला, आणि सभागृह जास्त गप्प झालं. शिक्षण आणि पैसा आला की प्रतिनिधित्व आपोआप येतं, असं मानणाऱ्यांना मी हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवतो.

मात्र १९९२ मध्येही धरण अडलं नाही. बारा लाखांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. त्यांच्यातल्या कुणाला, ‘तू बाजूने मत दिलंस म्हणून तुला पाडतो’ असं आपल्या प्रतिनिधीला सांगता आलं नाही.

मग मागच्या बाकावरच्या मुलाच्या प्रश्नाचं काय? तीन हजार माणसं कशाला? माझं आजचं उत्तर असं: कारण राज्यकर्त्यांना माहिती लागते. निवडणुकीत हरण्याची भीती नसलेल्या सरकारला लोक कशावर चिडलेत ते कळण्याचे मार्ग थोडे असतात, आणि प्रतिनिधी हा त्यातला एक. दरवर्षी अधिवेशनात प्रतिनिधी आठ हजारांच्या आसपास सूचना देतात: रस्ता, दवाखाना, पाण्याचं प्रदूषण, पेन्शन. त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि काही कामं खरोखर होतात. मी हे काम कमी लेखत नाही. ज्या गावाला दवाखाना मिळाला त्याला तो मिळालाच.

खरी घासाघीस मतदानाच्या आधी होते. खासगी मालमत्तेला संरक्षण देणारा मालमत्ता कायदा २००६ च्या अधिवेशनात यायचा होता. हा समाजवादाशी द्रोह आहे, असं खुलं पत्र एका प्राध्यापकाने लिहिलं, वादंग माजला आणि विधेयक कार्यक्रमपत्रिकेवरून गायब झालं. वर्षभराने ते २,७९९ विरुद्ध ५२ मतांनी मंजूर झालं. नुसता शेवटचा आकडा वाचणाऱ्याला वाटेल की भांडण झालंच नाही. २०११ मध्ये प्राप्तिकराची सूट मासिक ३,००० युआनपर्यंत नेण्याचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी ठेवला, तेव्हा दोन लाखांहून जास्त प्रतिक्रिया आल्या, आणि अधिवेशन नसताना संसदेचं काम बघणाऱ्या स्थायी समितीने मर्यादा ३,५०० वर नेली. पगारदारांच्या खिशात त्याने फरक पडला. हे प्रतिनिधित्व आहे का? मी याला ‘कान देणं’ म्हणतो. ऐकणाऱ्याने ऐकायचं ठरवलं म्हणून ऐकलं. कर हा तुलनेने निरुपद्रवी विषय. पक्षाच्या सत्तेला हात लागेल असा विषय निघाला की तोच कान बंद होतो, आणि तो उघडायला लावण्याचं साधन लोकांच्या हातात नसतं.

जागेला किंमत आहे, हे आणखी एका कटू गोष्टीवरून कळतं. २०१६ मध्ये ल्याओनिंग प्रांतातून बीजिंगला गेलेल्या १०२ पैकी ४५ प्रतिनिधींची निवड मतं विकत घेतल्याबद्दल रद्द झाली. निरुपयोगी खुर्चीसाठी कुणी पैसे मोजत नाही. ती खुर्ची ओळखी देते, धंद्याला संरक्षण देते. पण पैसे कुणाला दिले ते लक्षात घ्या: प्रांतिक सभागृहातल्या लोकांना. सामान्य मतदाराला लाच द्यायचीही गरज पडली नाही.

इथवर ज्यांचा गोंधळ झाला असेल त्यांच्यासाठी: प्रतिनिधी बरेचदा खरे, कष्टाळू आणि तक्रारी वर नेणारे असतात, पण त्यांची जागा वरच्या मर्जीवर टिकते, खालच्या मतावर नाही. आता अपवादांकडे जाऊ.

व्हिएतनाम हा सगळ्यात विचार करायला लावणारा. २०१० च्या जूनमध्ये सरकारने हनोई ते हो चि मिन्ह सिटी अशा अतिवेगवान रेल्वेचा ५६ अब्ज डॉलर्सचा प्रस्ताव आणला. संसदेने तो मंजूर केला नाही. एवढ्या कर्जाचा बोजा देशाला पेलेल का, असं प्रतिनिधींनी उघड विचारलं. नवा प्रस्ताव मंजूर व्हायला २०२४ उजाडलं. मंत्र्यांना प्रश्न विचारण्याचा तास तिथे टीव्हीवर दिसतो. २०१३ मध्ये प्रतिनिधींनी वरिष्ठ पदाधिकाऱ्यांवर गुप्त विश्वासमत घेतलं, आणि पंतप्रधान न्ग्वेन तान जुंग यांना ४९८ पैकी १६० जणांनी ‘कमी विश्वास’ असा शेरा दिला. मतपत्रिकेवर पर्याय तीनच होते: जास्त विश्वास, विश्वास, कमी विश्वास. ‘विश्वास नाही’ असा रकानाच नव्हता. व्हिएतनामची सगळी व्यवस्था मला या एका कागदात दिसते. बोलायला जागा आहे, ती चीनपेक्षा रुंद आहे, आणि तिची हद्द छापखान्यातच आखलेली आहे. २०२१ च्या निवडणुकीत ४९९ जण निवडून आले. त्यात स्वतःहून उमेदवारी भरलेले फक्त ४.

उमेदवारीची किल्ली पक्ष एवढी घट्ट का धरतो, हे मॉस्कोने १९८९ मध्ये दाखवलं. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी नवीन संसद, ‘काँग्रेस ऑफ पीपल्स डेप्युटीज’ काढली. २,२५० जागांपैकी ७५० पक्ष आणि इतर संघटनांसाठी राखीव, पण उरलेल्यांपैकी अनेक ठिकाणी खरी लढत. त्या मार्चमध्ये पक्षनेतृत्वाशी बिनसलेले बोरिस येल्त्सिन मॉस्कोतून जवळपास ८९ टक्के मतांनी आले. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट लेनिनग्राडमध्ये घडली. तिथले पक्षप्रमुख युरी सोलोव्यॉव्ह एकटेच उमेदवार होते, समोर कुणी नव्हतं. तरी ते पडले. निम्म्याहून जास्त मतदारांनी त्यांचं नाव खोडलं. कायद्यात खोडायची सोय सोव्हिएत मतदाराला आधीपासून होती, पण तितक्या लोकांनी एकाच दिवशी पेन्सिल उचलायची हिंमत पहिल्यांदाच केली. मे महिन्याच्या अखेरीस अधिवेशन सुरू झालं, त्याचं थेट प्रक्षेपण झालं, लोक कामधंदा सोडून बघत बसले. वर्ष उलटायच्या आत, मार्च १९९० मध्ये, पक्षाला अग्रस्थान देणारं घटनेचं सहावं कलम बदललं गेलं. बीजिंगने हे सगळं बारकाईने पाहिलं. २०१८ मध्ये चीनने पक्षाचं नेतृत्व घटनेच्या पहिल्याच कलमात लिहून टाकलं.

राहता राहिला तुमच्या पत्रातला शेवटचा टोमणा, की आपल्याकडे तरी आमदार-खासदार पक्षादेशाबाहेर कुठे जातात? रास्त आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपला खासदार व्हिपविरुद्ध मत देऊन जागा घालवू शकतो, तिकीटवाटप बंद खोलीत होतं, आणि स्त्रियांच्या आकड्याबद्दल आपण मान खाली घालावी. ही टीका जोरात करा, मीही करतो. पण १९७७ साली पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः आपल्या मतदारसंघात पडल्या. समोर दुसरं नाव उभं राहू शकलं, म्हणूनच ते घडलं. तुमच्या मित्राशी बोलताना हा फरक सोडू नका, आणि चीनच्या साडेसव्वीस टक्क्यांपुढे आपला आकडा का लाजिरवाणा आहे हेही त्याच्याकडून ऐकून घ्या.

पुढच्या मार्चमध्ये बीजिंगच्या अधिवेशनाची बातमी येईल तेव्हा मतांचा आकडा शेवटी वाचा. आधी बघा, वर्षभरात स्थायी समितीने कोणता मसुदा मागे घेतला, लोकांच्या अभिप्रायानंतर कोणता बदलला आणि कोणत्या विषयावर अभिप्राय मागवलेच नाहीत. शेवटच्या रकान्यात जे विषय येतील, त्यांची यादी करून मला पाठवा. त्यावर आपण पुढे बोलू.